उंबराची मेढ आणि पाण्याचे घड्याळ

बडोदे संस्थानात १९१५ साली हिंदू पुरोहित कायदा झाला. लग्नमुंजी लावणाऱ्या पुरोहिताने परीक्षा द्यावी, परवाना घ्यावा आणि चाललेल्या विधीचा अर्थ यजमानाला त्याच्या भाषेत समजावून सांगावा, ही या कायद्यामागची अपेक्षा होती. कायदा करणारे महाराजा सयाजीराव गायकवाड नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. शेतकरी घरातला हा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन गादीवर बसला. १९०४ साली त्यांनी बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा आणला होता. वधूवर जाणते असावेत, हे त्या कायद्याने सांगितले. त्या जाणत्या वधूवरांना आपल्या लग्नात काय चालले आहे ते कळावे, हे अकरा वर्षांनी आलेल्या पुरोहित कायद्याने सांगितले.

आज वडोदऱ्याच्या, म्हणजे जुन्या बडोद्याच्या आसपास, पावागढच्या किंवा डभोईच्या वाटेवर, शेतात आणि आमराईत लग्ने लागतात. बांबूच्या कमानी, गवताच्या पेंढ्या, कंदील, मातीची भांडी अशी सजावट असते. निसर्गाच्या सान्निध्यातले लग्न म्हणून त्याचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. पण मोकळ्यावरचे लग्न आपल्याला नवे नाही. मराठी लग्न मुळात अंगणातलेच. त्याचा मांडव झाडपाल्याचा, त्याचे घड्याळ पाण्याचे आणि त्याचे साक्षीदार आकाशातले. त्या लग्नात निसर्ग विधीतच होता, सजावटीसाठी तो वेगळा आणावा लागत नव्हता.

या प्रकरणात मेढ रोवण्यापासून अरुंधतीदर्शनापर्यंतचे हे लग्न आजच्या विज्ञानाच्या उजेडात पाहू. त्यात एक पथ्य पाळायचे आहे. आपल्या पूर्वजांना आधुनिक विज्ञान आधीच ठाऊक होते, असा दावा करायचा नाही. त्यांनी काय पाहिले ते नीट समजून घ्यायचे आणि त्यापुढे आज आपल्याला काय कळते ते त्याला जोडायचे.

मेढ आणि देवक

मांडवाची पहिली खूण म्हणजे मुहूर्तमेढ. तिला बहुतेक ठिकाणी उंबराची फांदी लागते. वड, पिंपळ आणि उंबर ही एकाच कुळातली, एकाच प्रजातीगटातली झाडे. उंबराचे फूल कोणाला दिसत नाही असे आपण म्हणतो. खरे तर ज्याला आपण फळ म्हणतो, त्या गोल पोकळीच्या आतल्या बाजूला शेकडो सूक्ष्म फुले असतात. पोकळीच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रातून तीळभर आकाराची एक गांधीलमाशी आत शिरते. शिरताना तिचे पंख बहुधा तुटतात. आत ती काही फुलांमध्ये अंडी घालते आणि आणलेले पराग इतर फुलांना देते. तिची पिल्ले याच पोकळीत वाढतात, नवे पराग घेऊन बाहेर पडतात आणि दुसरे उंबर शोधतात. उंबराच्या परागीभवनासाठी ही माशी लागते, आणि माशीच्या वंशासाठी उंबर. दोघांनाही एकमेकांवाचून भवितव्य नाही. लग्नाच्या मांडवाला यापेक्षा समर्पक झाड शोधून सापडणार नाही.

मेढीनंतर देवक बसते. मराठा आणि इतर अनेक समाजांत घराण्याचे देवक ठरलेले असते. कोणाचे कळंब, कोणाचा वड, कोणाची हळद, तर कोणाची पंचपालवी, म्हणजे पाच झाडांच्या डहाळ्या. ज्याचे जे देवक, त्याने ते झाड तोडू नये, त्याला इजा करू नये, असा संकेत. एकेका घराण्याने एकेक झाड आपले मानले, तर गावातल्या बऱ्याच झाडांना आपोआप राखणदार मिळतात.

देवकाचा दुसरा नियम सोयरिकीचा. एकाच देवकाच्या घराण्यांत लग्न होत नाही. यामागे आनुवंशिकतेचे शास्त्र आहे, असे आज पुष्कळदा सांगितले जाते. ते तपासून पाहण्यासारखे आहे. चुलतभाऊ-बहिणींचे सरासरी १२.५ टक्के जनुकीय द्रव्य समान असते. मामेबहीण आणि आतेभाऊ यांचेही नेमके तेवढेच असते. देवक वडिलांकडून येते, म्हणून हा नियम चुलत नात्याला अडवतो. मामाची मुलगी करण्याची रीत मात्र महाराष्ट्रात अनेक समाजांत चालत आली. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांच्या अभ्यासात या फरकाची सविस्तर मांडणी केली आहे. देवकाचा नियम भाऊबंदकी आणि सोयरिक वेगळी ठेवणारा सामाजिक नियम आहे. त्याला जनुकशास्त्राचा आधार देण्याची गरज नाही. जवळच्या नात्यातल्या लग्नाबद्दल वैद्यकीय सल्ला हवा असेल, तर तो डॉक्टरांकडूनच घ्यावा.

हळद आणि कुंकू

हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन या द्रव्याचा. वाळलेल्या हळदीत ते साधारण दोन ते पाच टक्के असते. १८१५ साली ते प्रथम वेगळे काढले गेले. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून तेलात कालवलेली हळद अंगाला चांगली धरते. कपड्यावरचा हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. साबण अल्कधर्मी असतो आणि अशा माध्यमात कर्क्युमिनच्या रेणूची रचना बदलते, त्यामुळे त्याचा रंगही बदलतो. तोच कपडा उन्हात वाळवला की डाग फिका पडतो, कारण सूर्यप्रकाशात कर्क्युमिनचे विघटन होते.

कुंकू करण्याची जुनी घरगुती कृती हळदीच्या रंग बदलण्याच्या गुणावर उभी आहे. हळदकुंडांना टाकणखार आणि लिंबाच्या रसाची पुटे दिली की पिवळ्याचे लाल होते. हळदकुंकवाच्या दोन कोयऱ्यांतले हे दोन रंग मुळात एकाच कंदाचे. बाजारातल्या पुष्कळ कुंकवात मात्र आता कृत्रिम रंग असतात. हळदीच्या कार्यक्रमात एका वाटीत चुन्याची निवळी ठेवावी आणि त्यात चिमूटभर हळद टाकून पाहावी. लहान मुलांना रसायनशास्त्राचा याहून चांगला पहिला धडा देता येणार नाही.

पाण्याचे घड्याळ

मनगटी घड्याळे येण्यापूर्वी मुहूर्ताची वेळ घटिकापात्राने मोजत. तांब्याची छोटी वाटी, तिच्या बुडाला बारीक छिद्र. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती तरंगत ठेवायची. छिद्रातून पाणी हळूहळू आत येते आणि वाटी बुडते. एक बुडी म्हणजे एक घटिका, अर्थात २४ मिनिटे. सूर्यसिद्धांतात या यंत्राचे वर्णन आहे. अहोरात्रात साठ वेळा बुडणारे पात्र ते अचूक, अशी त्याची कसोटी. घटिकेचे साठ भाग म्हणजे पळे, आणि एक पळ २४ सेकंदांचे. सूर्यबिंब अर्धे उगवले वा अर्धे मावळले की जोशी पात्र पाण्यावर सोडत आणि मुहूर्तापर्यंत बुड्या मोजत.

या वाटीमागचे भौतिकशास्त्र साधे आणि सुंदर आहे. तरंगणारी वाटी आपल्या वजनाएवढे पाणी बाजूला सारते. त्यामुळे आतल्या पाण्याची पातळी बाहेरच्या पातळीपेक्षा खाली राहते. या फरकामुळे छिद्रावर दाब येतो आणि पाणी आत ढकलले जाते. वाटी जड केली की फरक वाढतो आणि ती लवकर बुडते. छिद्र मोठे केले तरी तेच. छिद्रात कचरा अडकला की वेळ लांबते. घडवणाऱ्या तांबटाला या साऱ्याचा मेळ हाताने घालावा लागे.

या वाटीची सर्वांत प्रसिद्ध कथा भास्कराचार्यांच्या लीलावतीची. मुलीच्या लग्नाचा एकमेव क्षण आचार्यांनी गणिताने काढला. कुतूहलाने पात्रात डोकावणाऱ्या लीलावतीच्या अलंकारातला मोती आत पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त निघून गेला. दुःखी मुलीच्या नावाने वडिलांनी गणिताचा ग्रंथ लिहिला. ही कथा आपल्याला मिळते ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात. ‘लीलावती’ हा ग्रंथ ११५० चा, म्हणजे दोहोंत चारशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या लेखनात ही कथा नाही. ती इतिहास म्हणून सांगू नये. मात्र त्यांच्या विद्येच्या परंपरेचा पक्का पुरावा दगडावर आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारल्याची नोंद आहे.

मुहूर्ताबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपले सरकारी घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालते. वडोदरा सुमारे ७३.२ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने वडोदऱ्याची स्थानिक वेळ घड्याळाच्या ३७ मिनिटे मागे पडते. नागपूर आणि वडोदरा यांच्यातला रेखांशाचा फरक जवळपास सहा अंशांचा. म्हणजे नागपूरला सूर्य मावळल्यावर साधारण एका घटिकेने तो वडोदऱ्यात मावळतो. नागपूरकर व्याह्यांनी आपल्या गावच्या पंचांगावरून गोरजाची वेळ काढून पाठवली, तर वडोदऱ्याच्या मांडवात तेव्हा चक्क ऊन असेल.

गोरज

गाई रानातून परतताना उडणाऱ्या धुळीची वेळ ती गोरज. सूर्यास्तानंतर सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत बाहेर वावरण्याइतका उजेड असतो. वडोदऱ्याच्या अक्षांशावर हा संधिप्रकाश वर्षभर साधारण २२ ते २५ मिनिटे टिकतो, म्हणजे पुन्हा एक घटिकाच.

मावळतीचा प्रकाश हवेच्या जाड थरातून तिरका येतो. वाटेत निळा रंग विखरून जातो आणि तांबडा-केशरी आपल्यापर्यंत पोहोचतो. धूळ आणि बाष्प त्या रंगांत भर घालतात. हवेमुळे प्रकाश वाकतो, म्हणून क्षितिजाला टेकलेला सूर्य आपल्याला दिसतो तेव्हा तो प्रत्यक्षात क्षितिजाखाली गेलेला असतो. वातावरण प्रकाशाला क्षितिजाशी सुमारे अर्धा अंश वाकवते आणि सूर्यबिंबाचा व्यासही जवळपास तेवढाच आहे. अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी पश्चिमेला दिसणारे ते बिंब आपल्या वातावरणाने वर उचलून दाखवलेले असते.

लाह्या आणि अग्नी

लाजाहोमात वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि त्या अग्नीत अर्पण होतात. साळीच्या दाण्यात थोडा ओलावा असतो. तापलेल्या वाळूत दाणा पडला की त्या ओलाव्याची वाफ होते. टरफलाच्या आत दाब वाढत जातो, शेवटी टरफल फुटते आणि मऊ झालेला पिठूळ गर एकदम फुलून लाही होते. दाणा फार वाळलेला असेल तर वाफ पुरत नाही आणि तो नुसताच करपतो.

होमाच्या धुराने हवा शुद्ध होते, असे मात्र म्हणू नये. कोणतेही लाकूड जळताना सूक्ष्म कण निघतात आणि ते फुप्फुसांत खोल जातात. दम्याच्या रुग्णाला ते त्रासदायकच. कोंदट सभागृहात होम पेटवण्यापेक्षा तो मोकळ्या मांडवात, कोरड्या समिधांनी आणि बेताचा असावा. अंगणातल्या लग्नाची हीही एक चांगली बाजू.

अरुंधती आणि ध्रुव

सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याच्या शेजारी अंधूक अरुंधती. दोघांतले कोनीय अंतर १२ कलांचे, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या सुमारे दोन-पंचमांश. निरोगी डोळ्याला ते दोन तारे वेगळे दिसायला अडचण नसते. अडचण होते ती शहराच्या उजेडाची. दोन्ही तारे आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवर आहेत. आज लग्न लागताना दिसणारा तो प्रकाश वधूवरांच्या आजोबा-पणजोबांच्या काळात निघालेला आहे.

सतराव्या शतकात दुर्बिणीतून पाहिल्यावर वसिष्ठ स्वतः जोडतारा निघाला. १८८९ साली वर्णपटाच्या अभ्यासातून त्यातला एक तारा पुन्हा जोडतारा असल्याचे कळले. पुढे दुसराही तसाच निघाला. २००९ साली अरुंधतीलाही सोबती सापडला. डोळ्याला दिसणारे दोन ठिपके म्हणजे सहा ताऱ्यांचे कुटुंब आहे. हे तारे अवकाशातून जवळपास एकाच दिशेने प्रवास करत आहेत. पूर्वजांना हे नुसत्या डोळ्यांनी कळणे शक्य नव्हते. त्यांनी जोडी ओळखली, तिला नाव दिले आणि नव्या जोडप्याला ती दाखवण्याची रीत घातली, एवढे त्यांचे श्रेय पुरेसे मोठे आहे.

वडोदऱ्यात ही जोडी कधी दिसते? मे महिन्यात रात्री साडेनऊच्या सुमारास उत्तरेला तोंड करून पाहा. वसिष्ठ क्षितिजापासून ५५ अंशांहून उंच असतो. फेब्रुवारीच्या मध्याला तो रात्री आठच्या आसपास उगवतो. तुळशीच्या लग्नानंतरचा हंगाम मात्र अवघड. डिसेंबरच्या सुरुवातीला तो मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास उगवतो. त्या दिवसांत संध्याकाळी अरुंधती दाखवतो असे कोणी म्हणाले, तर तो क्षितिजाखालच्या ताऱ्याकडे बोट दाखवत असतो. पण हिवाळ्यात रात्री कृत्तिकांचा पुंजका माथ्याजवळ येतो. पुराणकथेत कृत्तिका म्हणजे उरलेल्या सहा ऋषींच्या पत्नी, ज्या त्यांच्यापासून दुरावल्या. अरुंधती दिसत नसेल तेव्हा ही कथा सांगावी आणि कृत्तिका दाखवाव्यात.

ध्रुव वर्षभर दिसतो. त्याची क्षितिजापासूनची उंची जवळपास त्या गावच्या अक्षांशाएवढी असते. वडोदऱ्यात ती २२ अंशांच्या आसपास, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींहून किंचित जास्त. अढळ म्हणवला जाणारा हा ताराही अढळ नाही. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेतो आणि ध्रुवपदावरचा तारा बदलत जातो. साडेचार हजार वर्षांपूर्वी तेथे दुसराच तारा होता. गृह्यसूत्रांच्या काळी आजचा ध्रुव उत्तर ध्रुवबिंदूपासून बराच दूर होता. विधीत ध्रुवाकडे पाहून स्थैर्याची शपथ घेतली जाते. ते स्थैर्य दोन माणसांनी रोज राखायचे असते, हे समजून ती घ्यावी.

रानातले यजमान

मोकळ्यावर लग्न करायचे तर तिथे आधीपासून राहणाऱ्यांचा विचार हवा. पावागढच्या डोंगरात उगम पावणारी विश्वामित्री वडोदऱ्याच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी राहतात. मगरीची मादी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठावर खड्डा करून अंडी घालते. पिल्ले नर होणार की मादी, हे घरट्याच्या तापमानावर ठरते. म्हणजे लग्नसराई आणि मगरीची वीण एकाच सुमारास येतात. नदीकाठी दिवे, गर्दी आणि उरलेले अन्न नेणे माणसाला आणि मगरीला दोघांनाही धोक्याचे. डभोईजवळचा वढवाणा तलाव गायकवाडी राजवटीत सिंचनासाठी बांधला गेला. आज तेथे हिवाळ्यात हजारो स्थलांतरित पक्षी उतरतात आणि २०२१ पासून तो रामसर यादीत आहे. त्याच्या परिसरात फटाके आणि प्रखर झोत यांना जागा नसावी. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद ठेवण्याचा नियम तर सर्वत्र लागू आहेच.

जेवणासाठी पळसाच्या पानांच्या पत्रावळी घ्याव्यात. पंचमहालाच्या रानात पळस मुबलक आहे. पान गळत नाही आणि जेवणानंतर त्याचे खत होते. अक्षतांना तांदूळ मूठभरच पुरे, पोत्याने उधळू नये.

विज्ञान मांडायला आपल्या लग्नात आयती जागा आहे, ती म्हणजे रुखवत. रुखवताच्या टेबलावर एक घंगाळ आणि भोक पाडलेली वाटी ठेवावी. शेजारी हळद आणि चुन्याची निवळी, अर्धे कापलेले उंबर आणि भिंग, देवकाच्या झाडाची डहाळी आणि त्या झाडाची चार ओळींची ओळख. मामा-मावशीच्या मुलांनी उभे राहून ते पाहुण्यांना समजावून सांगावे. वडोदऱ्याच्या सयाजीबागेत संग्रहालय आणि तारांगण दोन्ही आहेत. लग्नाआधीच्या आठवड्यात मुलांना तेथे नेले, तर आकाश दाखवण्याचे कामही तीच करतील.

आपल्या घरात पुढचे लग्न ठरेल तेव्हा चार गोष्टी आवर्जून करा. गुरुजींना आधीच सांगून ठेवा की प्रत्येक विधीचा अर्थ मराठीत सांगावा आणि वधूवरांना प्रश्न विचारायला सवड द्यावी. मुहूर्त आपल्या गावच्या सूर्यास्तावरून काढा. रात्री पंधरा मिनिटे मांडवाचे सगळे दिवे घालवा आणि पाहुण्यांना आकाश दाखवा. आणि मेढीसाठी उंबराची एक फांदी घेतली असेल, तर येत्या पावसाळ्यात एक उंबर लावा आणि तो जगवा.